पायरीवर ठेवलेली हलगी

"ते डफडं बाहेरच ठेवा हं. चामड्याचं आहे. आत सरस्वतीची पूजा मांडलीय."

शैलाताईंनी आवाज चढवला नाही. हसूनच सांगितलं. चपला इकडे काढा, असं सांगावं तितक्या सहज.

माझा बाप दारात उभा होता. सत्तरी ओलांडलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर माझ्या लग्नात शिवलेला कोट. खांद्याला हलगी. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तो पाय त्याने मागे घेतला. आणि म्हणाला, "माफ करा."

माफी बापाने मागितली. हे मी आधीच सांगून ठेवते. कारण नंतर जे झालं त्याबद्दल मी माफी मागावी, असं मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटतं. त्या दिवशी माफी एकदा मागून झालेली आहे. आणि ती चुकीच्या माणसाने मागितली.

हैदराबाद. सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतलं एक जुनं सभागृह. जानेवारीतला रविवार. निमित्त वारसा फेरीचं.

आधी मंडळाबद्दल सांगते. बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांचं ते छोटंसं मंडळ आहे. जुनी घरं वकिलांची, शिक्षकांची, सरकारी हुद्देदारांची. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली. त्यांच्यात आता पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली मंडळी मिसळलीत. मीही आयटीतच आहे, पण कुठून आलेली नाही. मी इथलीच, मलकपेठची. माझा आजोबा नांदेडकडून पोटामागे इथे आला आणि सुलतान बाजारात हलगी वाजवून जगला. आम्ही मांग. कागदावर मातंग लिहितो, लोकांच्या तोंडून मांग ऐकतो. मंडळात मला कुणी जात विचारली नाही. आडनाव विचारलं. पुढचं त्यांना विचारावं लागलं नाही.

आजोबाचं नाव सटवाजी.

निजामाच्या काळात सभा घ्यायची तर परवानगी लागायची, आणि ती मिळायची नाही. म्हणून लोक व्याख्यान ठेवलंय म्हणायचे आणि आत हक्कांचं बोलायचे. बोलायचा हक्क, छापायचा हक्क, आपल्या भाषेत शाळा काढायचा हक्क. ह्या सभागृहात अशी व्याख्यानं झाली. माणसं गच्च भरायची. पण माणसं जमायची तर त्यांना कळायला हवं. ते माझा आजोबा कळवायचा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हलगी वाजवायची, लोक थांबले की ओरडून सांगायचं, आज संध्याकाळी व्याख्यान आहे हो. मग पुढची गल्ली.

एकदा पोलीस आले. आतले सगळे मागच्या दाराने निघून गेले. आजोबा पुढच्या दाराच्या पायरीवर बसला होता. त्याला कधी आत घेतलंच नव्हतं, त्यामुळे आत मागचं दार आहे हेही त्याला माहीत नव्हतं. तो सापडला. चौकीत त्याचा डावा हात टेबलावर ठेवला आणि दांडक्याने ठेचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा कधी वळली नाहीत.

हलगी डाव्या हातात धरतात, छातीशी. त्याच हाताच्या बोटांत बारीक काडी आणि उजव्या हातात जाड टिपरू. आजोबाची दोन बोटं वळायची नाहीत, ती कडेवरून सरळ बाहेर उभी राहायची. माझा बाप त्याच्याकडे बघून शिकला. बापाची बोटं धडधाकट. तरी तो हलगी धरतो तेव्हा ती दोन बोटं बाहेर. लहानपणी त्याला वाटायचं, अशीच धरतात. खरं कारण कळलं तोवर हाताला वळण पडलं होतं. नंतर बदलावंसं वाटलं नाही, म्हणतो.

बापाने हलगी सोडली ती माझ्यामुळे. मी तिसरीत होते. बरकतपुऱ्यात एक लग्न होतं, गोडाधोडाचं खायला मिळेल म्हणून त्याने मला बरोबर नेलं. वरातीत नवऱ्याच्या मामाने नोट काढली आणि बापाच्या तोंडासमोर धरली. ही रीत आमच्या लोकांना ठाऊक आहे. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून नोट दातांनी घ्यायची. मामा नोट पुढे करायचा, बाप तोंड पुढे न्यायचा, मामा नोट मागे घ्यायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. लोक पोट धरून हसत होते. माझ्या वर्गातली एक मुलगीही हसत होती. शेवटी बापाने नोट पकडली. नोट दातात, आणि समोर मी.

त्यानंतर पुन्हा वाजवणार नाही अशी शपथ घेऊन बापाने हलगी माळ्यावर टाकली. बाप रेसकोर्सच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखायला लागला. मला म्हणाला, "हिला हात लावायचा नाही. तू शाळा शिक." मी शाळा शिकले.

मंडळाच्या ग्रुपवर वारसा फेरीची सूचना आली. आपल्या शहरातल्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागा बघू या. शेवटचा थांबा ते सभागृह. मी न राहवून ग्रुपवर आजोबाची गोष्ट सांगितली. बोलून पाठवली, कारण तिथल्या अर्ध्या लोकांना मराठी वाचायचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी शैलाताईंचा फोन आला. शैलाताई मंडळाच्या कार्यवाह. त्यांचे आजोबा त्याच सभागृहात बोलणारे मोठे वकील होते.

"कित्ती छान गं! आपण हे नक्की घेऊ. आणि बाबा वाजवतात ना अजून? फेरीच्या पुढे हलगी असली तर काय वातावरण होईल!"

फोन स्पीकरवर होता. बाप शेजारी जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"नाव घेणार म्हनतात का?"

"हौ. घेऊ म्हणाल्या ना."

"आतमधी?"

"आतच की, बाबा."

तो पुढे जेवला नाही. ताट सारलं, हात धुतले, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढला. मी ओरडले, पडाल म्हणून. त्याला ऐकू आलं नसावं. हलगीचं जुनं कातडं फाटलं होतं. त्याने ओळखीच्या माणसाकडून नवं चढवून आणलं. गच्चीवर जाऊन रोज सकाळी हात बसवला. शेजारची तेलुगू पोरं जमायची, "डप्पू, डप्पू" म्हणत. त्यांच्याकडे तिला डप्पू म्हणतात. माझा बाप त्या दिवसांत शीळ घालायचा. आई गेल्यापासून मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

त्याला हार नको होता, शाल नको होती. आजोबा मेला तोवर त्या दाराच्या आत गेला नव्हता. त्याच्या आवाजावर माणसं आत गेली आणि तो बाहेर राहिला. आता त्याचं नाव तरी आत जावं. माझ्या बापाला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तो आपली मोडलेली शपथ खिशात घालून आला होता.

फेरी कोठीच्या जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीपासून निघाली. फुटपाथवर रविवारची जुन्या पुस्तकांची दुकानं लागत होती. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. गार असली की कातडं सैल पडतं, आवाज ढब्ब येतो. शेकली की ताणते आणि बोलायला लागते. बापाने पुस्तकवाल्याकडे थोडी रद्दी मागितली. तो म्हणाला, "लेव चाचा, लेव." बापाने कडेला बसून कागद पेटवले आणि हलगी त्या जाळावर फिरवायला लागला.

शैलाताई पदर नाकाला लावून आल्या. "काका, जरा तिकडे होता का? धूर येतोय सगळ्यांना."

तिकडे म्हणजे गटाराच्या बाजूला. बाप तिकडे झाला.

माहिती सांगायला निखिल होता, पुण्याचा मुलगा. शर्टाला छोटा माइक लावलेला. मुलगा वाईट नाही. त्याने हात केला आणि बापाने दवंडीचा ठेका धरला. तो ठेका नाचवत नाही. तो पाय थांबवतो. दोन दमदार ठोके, मग बारीक काडीची थरथर, मग एकदम शांतता. त्या शांततेत आजोबा बोलायचा. भाजीवाल्या खरंच थांबल्या. एक रिक्षावाला मान बाहेर काढून बघायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. हा ठेका बापाने लग्नात कधी वाजवला नव्हता, गच्चीवरही नाही. मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

निखिल जवळ आला. "काका, डान्सवालं काहीतरी होऊन जाऊ दे ना. रीलमध्ये हे फारच स्लो वाटतंय."

बापाने माझ्याकडे बघितलं. मग लग्नाचा ठेका धरला. मंडळी नाचली. घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत नाचत आली. मेट्रोच्या खांबाखाली घामाघूम होऊन फोटो काढले. एक गृहस्थ बापाच्या हाताकडे निरखून बघत होते. ते तबला शिकतात, असं त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं.

"तुमची पकड चुकतेय हो. दोन बोटं वाया चाललीत तुमची."

"हौ साहेब," बाप म्हणाला.

मी तोंड उघडलं. बापाने डोळ्यांनीच दटावलं. त्याच्या दृष्टीने हे सगळं वाटेवरचं होतं. धूर, रील, पकड. वाटेवरच्या गोष्टींसाठी थांबायचं नाही. सभागृह अजून यायचं होतं.

आणि सभागृह आलं. दार उघडं होतं. बापाने रुमालाने कपाळ पुसलं, कोटाची बटणं लावली आणि एक पाय आत टाकला.

"ते डफडं बाहेरच ठेवा हं."

पाय मागे. माफ करा.

मी म्हटलं, "बाबा, हलगी इथे ठेवू, तुम्ही चला आत." तो नाही म्हणाला. हलगी रस्त्यावर एकटी टाकून तो जाणार नव्हता. माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तू जा बेटा. नीट ऐक. नाव कसं घेतात, काय काय बोलतात, समदं मला येऊन सांग."

मग तो पायरीवर बसला. हलगी शेजारी ठेवली. आजोबा कुठे बसायचा ते बापाने मला लहानपणी ह्याच गल्लीत उभं राहून दाखवलं होतं. भिंतीकडची बाजू, खालून दुसरी पायरी. बाप नेमका तिथेच बसला. मुद्दाम बसला, की पाय भरून आले म्हणून बसला, मला सांगता येत नाही. त्याला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मी आत गेले.

समोर सरस्वतीची तसबीर. झेंडूचा हार, उदबत्ती, समई. आणि तसबिरीपुढे लाल मखमली गादीवर तबल्याची जोडी. तिला हळदकुंकू वाहिलेलं, वर एक एक फूल.

मी बघतच राहिले. तबल्यावर काय ताणतात? पुरणपोळी? माझ्या बापाच्या हलगीवर जे तेच त्या तबल्यावर. बकऱ्याचंच. एकाला फूल, एकाला पायरी. खोलीत नजर फिरवली. बायकांच्या खांद्याला पर्सा, पुरुषांच्या कमरेला पट्टे. सरस्वतीला त्यातलं काही खुपलं नव्हतं. तिला काय खुपतं ते शैलाताईंना माहीत होतं.

शैलाताई बोलायला उभ्या राहिल्या. छान बोलतात त्या. वकील आजोबांचं भाषण त्यांनी असं सांगितलं की ते समोर उभे राहिले. मग सतरंज्या कुणाच्या घरून यायच्या, ते नावासकट. पाण्याचे पिंप कोण भरून ठेवायचं, ते नावासकट. कुणाच्या वाड्यातून चहा यायचा, त्या माउलीचं नाव, तिच्या हाताच्या चवीसकट. मी मनात प्रत्येक नावानंतर म्हणत होते, आता. आता येईल.

"...आणि मग शहरभर दवंडी दिली जायची, आणि बघता बघता सभागृह भरून जायचं!"

टाळ्या.

मी उभी राहिले. "शैलाताई, दवंडी कोण द्यायचं?"

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कळलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. "अगं हो, हो. असायचे ना तेव्हा दवंडीवाले. आपल्याला जरा वेळ कमी आहे, बरकतपुऱ्याला पानं मांडलीत."

"सटवाजी," मी म्हटलं. "त्याचं नाव सटवाजी. माझा आजोबा. बोटं मोडली त्याची ह्या सभेसाठी."

पण तोवर तबलजीने हातोडी घेऊन तबला लावायला सुरुवात केली होती. ठक ठक ठक. एक मुलगी प्रार्थना म्हणणार होती. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा पुढे बघितलं. माझा आवाज फार मोठा नाही. ऑफिसातही मला जरा मोठ्याने बोला म्हणतात.

प्रार्थना झाली. सगळे बाहेर आले. बाप लगबगीने उठला. गर्दीतून माझा चेहरा शोधत होता. मी नजर दुसरीकडे वळवली, काय करणार? तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ पुढे आले. माझ्या कंपनीच्या शेजारच्या इमारतीत मॅनेजर आहेत, दिवाळीला फराळाचा डबा पाठवणारे. बरोबर त्यांची दोन मुलं. त्यांनी पाकिटातून नोट काढली.

"काका, ते दातांनी नोट घेतात ना, ते एकदा करून दाखवा. मुलांना दाखवायचंय. आता कुठे बघायला मिळतं हे!"

निखिलने मोबाइल वर केला.

नोट माझ्या बापाच्या तोंडासमोर होती. त्याने हलगी उचलून खांद्याला लावलेली. दोन्ही हात गुंतलेले. दोन बोटं सरळ. आणि मी बघितलं, त्याचे ओठ विलग झाले. त्याला करायचं नव्हतं. तोंड आपसूक उघडत होतं. इतक्या वर्षांनी. शरीराला शिकवलेलं शरीर विसरत नाही.

मी त्याच्या हातातून टिपरू काढून घेतलं. काडीही काढून घेतली.

"आता वाजणार नाही."

"दे गं," बाप म्हणाला. "लोक थांबलेत."

"थांबू देत."

"पोरी, दे. तमाशा नक्को."

शैलाताई मध्ये पडल्या. "अगं, एवढं काय झालं? कौतुकानेच म्हणतायत ते."

"शैलाताई, आतला तबला बाहेर आणा. इथे पायरीवर ठेवा. मग आपण कौतुकाचं बोलू."

नोट खिशात गेली. निखिलने मोबाइल खाली केला. शैलाताईंचा चेहरा लाल झाला होता.

"तू ना, उगाच जात मध्ये आणतेस."

"मी आणली? दारात चामडं कुणी बघितलं?"

त्या वळल्या. बाकीचेही वळले. एकदोन जणांनी माझ्याकडे वाईट वाटल्यासारखं बघितलं आणि तेही त्यांच्यामागून गेले. फेरी बरकतपुऱ्याकडे निघाली, पुढे हलगी नाही, मागे हलगी नाही. तिकडे पानं मांडलेली होती. गल्लीत आम्ही दोघं उरलो, आणि बाप माझ्या हातातल्या टिपरूकडे बघत होता.

आम्ही रिक्षा केली. चादरघाटचा पूल आला तेव्हा बाप बोलला.

"नाव घेतलं का त्यांनी?"

मला खोटं बोलता आलं असतं. घेतलं म्हटलं असतं तर तो त्या रात्री नीट झोपला असता. पण त्याने मला आत त्याचे कान करून पाठवलं होतं.

"नाही घेतलं. मी घेतलं. उभी राहून घेतलं, बाबा."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"मी दाराशीच होतो. मला नाही ऐकू आलं."

पुढे मलकपेठचा सिग्नल लागला. बाप मांडीवरच्या हलगीवरून तळवा फिरवत होता. कातडं अजून कोमट असावं.

"मग कामून शेकली मी हिला?" तो म्हणाला, आणि रडायला लागला.

आई गेली तेव्हा तो लोकांना चहा देत फिरला होता. तबेल्यात घोड्याने लाथ मारून बरगडी मोडली तेव्हा दवाखान्यात तो मलाच हसवत होता. तो माझा बाप रिक्षात, कोट घालून, हुंदके देऊन रडत होता. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं. मी बापाच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला.

हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे, आणि ते मी लपवणार नाही. तो माझ्यावरही रागावला होता. नंतर म्हणाला, "चार मान्सांत माझ्या हातातलं काढून घेतलंस." त्याच्या हातातलं आजवर प्रत्येकाने काढूनच घेतलं होतं. मीही तेच केलं. त्याचा अपमान थांबवायला हात घातला, आणि तो हातही त्याला त्यांच्याच हातांसारखा लागला. ह्यातून सुटका कशी होते, मला माहीत नाही. तोंडासमोर नोट त्यांनी धरली आणि भांडण आमच्या घरात झालं. हे असंच होतं. नेहमी असंच होतं.

हलगी पुन्हा माळ्यावर गेली. बाप गच्चीवर जात नाही. शीळ बंद. डप्पूवाली पोरं एकदोनदा विचारायला आली, मग यायची थांबली.

मी त्याला म्हटलं, मला शिकवा.

"नक्को."

"का?"

"याच्यासाठी शिकवलं व्हय तुला? मी तोंडात नोट धरली, तू नको धरूस म्हनून. आता तूच वाजव म्हनतेस?" त्याने भिंतीकडे तोंड केलं. "जाळून टाक तिला."

मी ती जाळली नाही.

निखिलने ग्रुपवर रील टाकलं. 'आपली लोककला, आपला वारसा.' खाली हारीने लाल बदाम. त्यात माझ्या बापाचं नाव नाही. पण सुरुवातीला, डान्सवालं वाजवा म्हणण्याआधी, काही क्षण दवंडीचा ठेका आहे. सगळ्या जगात तो ठेका तेवढाच उरलाय. बापाच्या हातांत होता, ते हात आता हलगी घेत नाहीत. माझ्या आजोबाची दवंडी त्यांच्या रीलमध्ये अडकून पडली आहे, नाचाच्या आधीचा कंटाळवाणा भाग म्हणून.

मी तो भाग थांबवून थांबवून बघते. दोन ठोके, थरथर, शांतता. टिपरू कुठे पडतं, काडी किती तिरकी असते, सगळं बघते. माळ्यावरून हलगी काढली आहे. बाप बघतो. बोलत नाही. अडवतही नाही. ऑफिसला जाण्याआधी मी गच्चीवर जाते. डाव्या दंडाला गोळे आले, अंगठ्याचं कातडं निघालं. पहिल्या दिवशी पाचही बोटं वळवून धरली, ते सोपं होतं. मग सोडून दिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ बाहेर ठेवते. काडी निसटते. पुन्हा धरते. पुन्हा तसंच धरते.

शैलाताईंचा निरोप येऊन गेला. झालं गेलं विसरू, तू फक्त ग्रुपवर दोन शब्द लिही, वातावरण निवळेल. मी काही लिहिलं नाही. मला अजून ग्रुपवरून काढलेलं नाही. बहुतेक त्यांना तेही वाईट दिसेल असं वाटतं. त्याच ग्रुपवर पुढच्या फेरीची तारीख आली आहे. शेवटचा थांबा तेच सभागृह.

मी जाणार आहे. नाव नोंदवणार नाही, परवानगी मागणार नाही, आत जाणार नाही. त्यांनी ये म्हटलं तरी नाही. माझा आवाज लहान आहे, ते मी एकदा आत बघून आले. हातोडीच्या ठकठकीत तो बुडतो. हलगी बुडत नाही.

आत समई लागेल, फुलं वाहिली जातील, शैलाताई बोलायला उभ्या राहतील. सतरंज्यांची नावं होतील, चहाची नावं होतील. त्या 'दवंडी' म्हणतील तेव्हा मी बाहेर सुरू करीन. भिंतीकडची बाजू, खालून दुसरी पायरी. बसून नाही, उभी राहून. आजोबा तिथे बसला, बाप तिथे बसला. त्या पायरीवर आमच्यातलं आता कुणी बसणार नाही. दोन ठोके, थरथर, शांतता, आणि त्या शांततेत त्याचं नाव. मग पुन्हा ठेका, पुन्हा नाव. ते बाहेर येईपर्यंत. बाहेर आले तरी. कुणी म्हणालं पकड चुकतेय, तर सांगीन कुणाची आहे आणि कुठल्या टेबलावर शिकवली. कुणी नोट पुढे केली, तर माझं तोंड रिकामं नसेल. त्यात नाव असेल.

बाप येईल की नाही, ठाऊक नाही. त्याला मी विचारणार नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला तरी त्याला ऐकू जाईल, एवढ्या जोरात वाजवायचं मी ठरवलं आहे.

रद्दी घरून नेणार आहे. हलगी तिथेच शेकीन, त्या दारात. धूर आत जाईल. जाऊ दे.